पंप मोठा करण्याआधी पाइप उघडून बघा

पाणीपुरवठ्याच्या जुन्या बिडाच्या पाइपचा कापलेला तुकडा कधी बघितलाय का? बाहेरून सहा इंची दिसतो, पण आत गंजाच्या गाठी एवढ्या माजलेल्या असतात की मधे जेमतेम तीन इंचाचं भोक उरतं. आता व्यास अर्धा म्हणजे पाणी अर्धं असं वाटेल, पण तसं होत नाही, तेवढ्याच दाबाला पाणी साधारण सहावा हिस्सा येतं, आणि गाठींच्या खडबडीतपणामुळे त्याहूनही कमी.

मग तक्रारी येतात आणि पहिला उपाय काय, तर मोठा पंप! मला याचं खरंच वाईट वाटतं. दाब वाढला की जुने जोड सुटतात, गळती वाढते, आणि पाणी बंद झालं, लाइन रिकामी झाली की त्याच भोकांतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणजे गळती हा फक्त पाणी वाया जाण्याचा प्रश्न नाहीच, तो आजारपणाचा प्रश्न आहे.

नुसतं वय बघून पाइप बदलायलाही माझा विरोध आहे. फ्रान्समध्ये व्हर्सायला १६६४ साली टाकलेले बिडाचे पाइप तीनशेहून जास्त वर्षं चालले. माती कशी, पाणी कसं, दाब किती, यावर सगळं असतं. त्यामुळे आधी माहिती हवी. चोवीस तास पाणी असेल तर एकेक भाग वेगळा करून रात्री दोन ते चारच्या दरम्यान पाण्याचा मीटर बघा, सगळे झोपलेले असताना जे पाणी वाहतंय त्यातलं बरचसं गळतीचंच असतं. पण भाग वेगळा करायला व्हॉल्व्ह सापडायला हवेत ना, ते डांबराखाली गाडलेले, आणि कुठला व्हॉल्व्ह कुठे हे फक्त जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात, तो रिटायर झाला की नकाशाच गेला. त्याच्यासोबत फिरून ते सगळं आधी कागदावर उतरवा, याला खर्चही फार नाही.

पाइप मजबूत असेल तर आतून खरवडून सिमेंटचं अस्तर देता येतं. जोडच गेले असतील तर जुन्या पाइपमधून एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप ओढतात, किंवा जुना फोडत फोडत त्याच जागी नवा ओढून घेतात, सगळा रस्ता खणावा लागत नाही. फक्त प्रत्येक घराच्या जोडणीपाशी खड्डा घ्यावाच लागतो, आणि खड्डा घेतलाच आहे तर ती सडलेली जोडणी पण तेव्हाच बदला, जुनीच परत नव्या पाइपला लावू नका.