माझ्या वाट्याला लोखंड आले

शनिवारची सकाळची शाळा सुटली की आम्ही आठ-दहा जण नववीच्या वर्गात थांबायचो. इंग्रजीच्या बाई आम्हाला चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ वाचून दाखवत आणि अडेल तिथे मराठीत सांगत. अभ्यासक्रमात ती कादंबरी नव्हती. डिकन्सने ती १ डिसेंबर १८६० पासून ३६ आठवडे आपल्याच साप्ताहिकात छापली, म्हणून बाईही दर शनिवारी एकच हप्ता वाचत आणि त्याने थांबवले तिथेच पुस्तक मिटत. पहिल्या हप्त्याच्या शेवटी कादंबरीचा नायक, लहानगा पिप, पळालेल्या कैद्यासाठी चोरलेली कानस घेऊन धुक्यातून दलदलीकडे पळत सुटतो. तो आठवडा माझा फार लांबला.

बाईंनी प्रत्येकाला शोधायला एकेक गोष्ट दिली होती. कुणाला धुके, कुणाला हात. लग्नाच्या दिवशी फसवल्या गेलेल्या मिस हॅविशॅमच्या घरातली नऊला वीस कमी असताना बंद पडलेली घड्याळे एका मैत्रिणीकडे गेली. माझ्या वाट्याला लोखंड आले. पुस्तकात ते जिथे येईल तिथली ओळ वहीत उतरवायची आणि विचारायचे, इथे हे कशाला आले? प्रतीक म्हणजे काय, याची व्याख्या बाईंनी वर्षभर सांगितली नाही.

वही भरत गेली. त्या कैद्याच्या पायातली बेडी, ती कापायला चोरलेली कानस, पुढे एक अनोळखी माणूस गुत्त्यात त्याच कानशीने दारू ढवळतो ते, आणि पिपच्या बहिणीवर हल्ला झाला तिथे सापडलेली तीच कापलेली बेडी. पिपची चोरी लोखंडाच्या रूपाने पुनःपुन्हा त्याच्या समोर येत होती. पण त्याच पुस्तकात पिपला सांभाळणाऱ्या मेहुण्याची, जोची भट्टीही होती, आणि तिथले लोखंड पोट भरत होते.

जो गार्जरी लोहार. माझे वडीलही लोहार. हे वर्गात कुणाला ठाऊक नव्हते, कारण शाळेच्या अर्जात वडिलांच्या धंद्यापुढे मी ‘शेती’ लिहिले होते.

लंडनला जाऊन साहेबी थाटात राहू लागलेल्या पिपला भेटायला जो गार्जरी येतो, तो हप्ता बाईंनी वाचला तेव्हा मी मान वर केली नाही. पैसे देऊन त्याला येण्यापासून थांबवता आले असते तर दिले असते, असे पिप म्हणतो. बाई थांबल्या आणि विचारले, ‘हे कोण बोलतंय? लाजणारा पिप, की पुढे मोठा होऊन हे लिहायला बसलेला पिप?’ निवेदक एकच, पण त्याची वये दोन, हे मला तेव्हा कळले. लाजणाऱ्याची लाज मोठ्या पिपने जशीच्या तशी मांडली होती, काही न झाकता.

निघताना जो म्हणतो, आयुष्य म्हणजे एकमेकांना सांधलेल्या कितीतरी ताटातुटी. मूळ शब्द ‘वेल्डेड’. आम्हाला वेल्डिंग म्हणजे निळ्या ठिणग्या आणि काळी काच एवढेच माहीत. जोच्या काळी ते कसे करत, बाईंनी विचारले. मी हात वर केला आणि म्हणालो, ‘घरी विचारून सांगतो, बाई. माझे वडील लोहार आहेत.’

अप्पा बैलगाडीच्या चाकांना धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, बसवायचे. पट्टी वाकवून दोन्ही टोके पांढरी होईपर्यंत तापवायची, टाकणखार टाकायचा आणि गरम आहे तोवर घणाने एकजीव करायची. ‘सांध्यात राख राहिली की सुटतो,’ ते म्हणाले. पुढच्या शनिवारी मी हे शब्द तसेच सांगितले. बाईंनी ते फळ्यावर लिहिले आणि तास संपला तरी पुसले नाहीत.

कादंबरीचा शेवट डिकन्सने आपला मित्र, कादंबरीकार बुलवर-लिटन याच्या सल्ल्याने बदलला. त्यावर आम्ही खूप भांडलो. मला आजही आधीचा, पिप आणि त्याचे जिच्यावर प्रेम असते ती एस्टेला रस्त्यात भेटून वेगळे होतात तोच शेवट खरा वाटतो. पण छापलेल्या शेवटच्या ओळीत ताटातुटीचा तोच शब्द पुन्हा येतो, हे बाईंनी दाखवले तेव्हा मी गप्प झालो.

माझ्या वहीतली शेवटची नोंद त्याआधीची, सत्तावन्नाव्या प्रकरणातली. एके काळी जोला वाचताना स्वतःच्या नावापुरती अक्षरे तेवढी ओळखता येत. आता तो पत्र लिहायला बसतो. मोठ्या हत्यारांच्या पेटीतून निवडावे तशी लेखणी निवडतो आणि घण उचलायचा असल्यासारख्या बाह्या सरसावतो. तो उतारा मी त्या रात्री अप्पांना मराठीत सांगितला. त्यांनी तो पुन्हा सांगायला लावला, मग माझे पेन मागून घेतले आणि बराच वेळ ते बोटांत फिरवून पाहत राहिले.