बाभळीसारखं काहीतरी

पुण्याहून बारामतीला सासुरवाडीला जाताना मोरगाव मागे पडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काटेरी झाडं सुरू होतात. मुलगी लहान होती तेव्हा खिडकीबाहेर बोट दाखवून विचारायची, "बाबा, हे कसलं झाड?" मी सांगायचो, "बाभूळ." पुढच्या वळणावर पुन्हा बोट, पुन्हा बाभूळ. एकदा तिने वैतागून विचारलं, "सगळ्या बाभळी वेगवेगळ्या का दिसतात मग?" गाडीत शांतता पसरली. मी म्हणालो, "बाभळीसारखं काहीतरी आहे ते."

मुलगी आता नोकरीला लागली, पण ते उत्तर मला अजून टोचतं. म्हणून पन्नाशीनंतर हा नाद लागला. बाभळीच्या गोतावळ्यातली झाडं वेगवेगळी ओळखायची. लोक गड चढतात, पक्षी बघतात. मी सासुरवाडीच्या मागे निरा डाव्या कालव्यावर जाऊन काटे बघतो. सासूबाईंनी सुरुवातीला काळजीने चौकशी केली होती, जावईबापूंची तब्येत बरी आहे ना म्हणून.

काट्यांपासून सुरुवात केली, कारण त्यांची ओळख आपोआपच झाली. बाभळीचा काटा सरळ, पांढुरका, जोडीजोडीने येणारा. कोवळ्या झाडावर तो बोटाएवढा लांब असतो. झाड मोठं होत गेलं की काटे कमी होतात. खैराचे काटेही जोडीनेच येतात, पण आखूड आणि मांजराच्या नखासारखे मागे वळलेले. बाभूळ टोचते, खैर धरतो. खैराने माझा एक सदरा धरला होता. मी पुढे गेलो, बाही त्याच्याकडे राहिली.

पानांवर मात्र माझा फार काळ विश्वास बसला नाही. सगळ्यांची पानं पिसांसारखी. मधल्या देठावर छोट्या पिसांच्या जोड्या आणि त्या पिसांवर इवल्या पर्णिकांच्या रांगा. पण मोजायला बसलं की गंमत कळते. वेडी बाभूळ, जी मुळात बाभूळ नाहीच, तिच्या पानात पिसांच्या एक-दोनच जोड्या असतात आणि पर्णिका लांबट, विरळ. आपल्या बाभळीत साधारण तीन ते सहा जोड्या. हिवर या तिच्या पांढुरक्या सालीच्या भाऊबंदात त्याहून जास्त, बारापर्यंत. खैराचं पान तर इतकं बारीक विणलेलं की मोजता मोजता डोळे पाणावतात. एका पानावर मी छत्तीस जोड्या मोजल्या, मग वाऱ्याने फांदी हलली आणि सगळा हिशेब गेला. नोकरीत असताना ताळेबंद जुळवताना एवढा त्रास झाला नव्हता.

साल त्या मानाने सरळ. थोराड बाभळीची साल काळी, उभ्या भेगांनी चिरलेली, उन्हात रापलेल्या शेतकऱ्याच्या टाचेसारखी. हिवर लांबूनच ओळखू येतो, कारण माळावर बाकी सगळं काळं-तपकिरी असताना हा एकटा पांढुरका, थोडा पिवळट, आणि वर छत्रीसारखा पसरलेला. त्याच्या सालीचा वापर पूर्वी दारू गाळताना करत. खैराची साल पापुद्र्यांनी सुटून लोंबते. त्याचा जीव आत, तांबड्या गाभ्यात. त्या गाभ्याचे तुकडे उकळून काथ काढतात, आणि कातकरी हे जमातीचं नावही या कामावरूनच पडलं असं मानतात. पानवाल्याकडे काथ लावलेलं पान खाताना खैर आठवावा अशी माझी अपेक्षा नाही, पण मला आता तो आठवतो आणि हात आपोआप बाहीकडे जातो.

बाभळीतही एक रामकाठी असते. ती ओळखायला साल नको, पान नको. फांद्या पसरायच्या ऐवजी सरळ वर गेलेल्या, झाड जमिनीत उलटा रोवलेल्या खराट्यासारखं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी छाटलंय.

पण खरी साक्ष शेंगेची. बाभळीची शेंग प्रत्येक बीनंतर चिमटा काढल्यासारखी आवळलेली, वर करडी मऊ लव, अगदी बोरमाळ. सासूबाई सांगतात, त्यांच्या लहानपणी मुली वाळक्या शेंगा पायात बांधून पैंजण म्हणून मिरवायच्या. हिवराची शेंग सपाट, अरुंद, विळ्यासारखी किंचित वाकलेली. खैराची कागदासारखी पातळ, तपकिरी, चकचकीत. वारा आला की झाडभर सळसळ. वेड्या बाभळीची पिवळट, गरदार आणि गोड. जनावरं ती आवडीने खातात आणि शेणातून बी गावभर पेरतात, म्हणून एकोणिसाव्या शतकात इथे आणलेलं मेक्सिकोकडचं हे झाड आता काढू म्हटलं तरी निघत नाही. शिकेकाईसुद्धा याच गोतावळ्यातली, खैराची जवळची भावकी. ती झाड नव्हे, सह्याद्रीतला काटेरी वेल. दिवाळीच्या पहाटे डोक्यावर जी चोळली जायची आणि डोळ्यांत जायची, ती तिची वाळलेली शेंग. म्हणजे या घराण्याशी माझं वैर तसं बालपणापासूनचं.

मुलीने मध्यंतरी फोनवर सांगितलं, "बाबा, बाभूळ आता अकेशिया राहिली नाही." अकेशिया म्हणजे बाभळीच्या घराण्याचं शास्त्रीय नाव. मला वाटलं ती चेष्टा करतेय. पण खरंच तसं झालंय. ग्रीक लोक इजिप्तमधल्या ज्या काटेरी झाडाला अकेशियासारखं काहीतरी म्हणत, ते बाभळीचंच झाड. त्या नावामागे काट्याला किंवा टोकाला असलेला शब्द आहे. झाडांना शास्त्रीय नावं देण्याची रीत पाडणाऱ्या लिनियसने 1753 साली तिला नाईल नदीवरून 'निलोटिका' म्हटलं. 1754 साली फिलिप मिलर या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने अकेशिया हे कुळनाव छापलं. पुढे कळलं की या एका नावाखाली निदान चार-पाच वेगळी घराणी एकत्र नांदताहेत. वाटणी करायची वेळ आली. नियमाप्रमाणे नाव थोरलीकडे, म्हणजे बाभळीकडे राहायला हवं होतं. पण ऑस्ट्रेलियात या गोतावळ्यातल्या हजारच्या आसपास जाती, त्या सगळ्यांची नावं बदलायची म्हणजे केवढा गोंधळ! म्हणून 2005 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियाकडे गेलं. आरडाओरडा झाला, आणि 2011 साली तो निर्णय कायम झाला. कुठे? मेलबर्नला. गावकीच्या वादात पंच वादीच्याच ओट्यावर बसावेत तसं.

बाभळीला मिळालं व्हॅचेलिया हे नाव. हे व्हॅचेल म्हणजे मकावमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचे पाद्री होते, फावल्या वेळात झाडं गोळा करायचे. नाईलकाठची आणि निरेकाठची बाभूळ आता एका पाद्रीबाबांच्या नावाने ओळखली जाते. खैर आणि शिकेकाई सेनेगालिया नावाच्या दुसऱ्या घराण्यात गेले. गंमत म्हणजे ही वाटणी साधारण काट्यांवरूनही कळते. पानाच्या बुडाशी सरळ काट्यांची जोडी असेल तर व्हॅचेलिया, आकड्यासारखे काटे असतील तर सेनेगालिया. माझ्या फाटक्या बाहीने हे आधीच सांगितलं होतं.

गेल्या दिवाळीत आम्ही रत्नागिरीकडे गेलो. तिथे कातळावर वनखात्याने लावलेली झाडं दाट वाढली आहेत. लोक त्यांना ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणतात, कुणी नुसतंच अकेशिया. त्यांना काटा नाही, पिसंही नाहीत, पानं लांबट, विळ्यासारखी, रसरशीत हिरवी. मी म्हणालो, ही कसली बाभूळ! पण मग झाडाखाली नुकतं उगवलेलं एक रोप दिसलं. बोटभर उंचीचं. त्याचं पहिलं पान चक्क पिसांचं, बाभळीसारखं. त्याच्या वरच्या पानाचा देठ थोडा रुंदावलेला, टोकाला दोन पिसं. त्याच्या वर नुसता रुंद देठ, पिसं गायब. म्हणजे आपण ज्याला पान म्हणतो ते या झाडाचं पान नाहीच, ते फुगून पसरलेलं देठ आहे. शेंग तर कानासारखी वळलेली, उकलली की काळ्या बिया नारिंगी दोऱ्यांना लोंबकळतात. मी त्या रोपाशेजारी उकिडवा बसून राहिलो. बायको गाडीत हॉर्न वाजवत होती.

त्या दिवाळीमुळे माझं एक काम राहून गेलं. कालव्याच्या तिसऱ्या मोरीपाशी एक मध्यम वयाचं झाड आहे. आदल्या ज्येष्ठात पाहिलं तेव्हा शेंगा गळून गेलेल्या, फुलं यायची होती. काटे सरळ. पिसांच्या जोड्या सात, एका पानावर आठ. बाभळीला जरा जास्त, हिवराला जरा कमी. साल धड काळी नाही, धड पांढरी नाही, राखेसारखी. फुलं असती तर प्रश्न मिटला असता, बाभळीची गोल, पिवळीधमक, बगलेत बसणारी आणि हिवराची फिकट, फांदीच्या टोकाला मोठ्या तुऱ्यात. पण फुलांच्या दिवसांत मी कोकणात देठ बघत होतो.

म्हणून या चैत्रात शेंगांसाठी मुद्दाम गेलो. झाडावर शेंग नाही. खालची जमीन झाडल्यासारखी स्वच्छ. पलीकडे एक म्हातारी शेरडं राखत बसली होती, हातात आकडी. मला वाकून वाकून माती चाळताना ती बराच वेळ बघत राहिली.

"काय पडलं का वं, दादा?"

"शेंगा बघत होतो, मावशी. या झाडाच्या."

"आता कुठल्या? कालच आकडीनं झोडपल्या. शेरडांनी खाल्ल्या की." मग माझा चेहरा पाहून म्हणाली, "बी पायजे व्हय लावायला? मंग उद्या सकाळी वाड्याव या. लेंड्यांत निघंल. त्येच बी चांगलं रुजतंय."

हे खरंच आहे. शेरडाच्या पोटातून आलेलं बाभळीचं बी लवकर रुजतं, त्याचं कठीण कवच मऊ होतं, म्हणून लोक ते वाड्यातून गोळा करतात. आता शेरडांनी दिवसभरात किती झाडांखाली तोंड घातलं असेल आणि त्यातलं कुठलं बी माझ्या झाडाचं, ते शेरडांनाच ठाऊक. झाडाचं नाव तिला विचारावं असं फार मनात होतं. पण एवढे दिवस पानं मोजल्यावर ते तोंडातून निघेना.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उठलो. निघताना स्वयंपाकघरातली एक जुनी चाळणी पिशवीत टाकली. कशाला, ते सासूबाईंना सांगितलं नाही.