दुसरी वेलांटी

दगड ट्रॉलीवर चढला होता. करड्या ग्रॅनाइटची स्मृतिशिला, ९० बाय ६० सेंटिमीटर, जाडी ८, वजन ११५ किलोच्या पुढे. माझ्या काकांनी पट्टे आवळले होते, चुलतभावानं ओळंबा आणि गुण्या गाडीत ठेवला होता. या कुटुंबाला आम्ही दहा महिने थांबवलं होतं. दफनासाठी खणलेली माती हळूहळू खाली बसत राहते, आणि घाई केली की दगड कलतो. आता माती बसली होती, पाया पक्का झाला होता आणि दोघं भावंडं दगड न्यायला आली होती. थोरल्या ताई फार लांबून, फक्त त्या एका दिवसासाठी.

मी दगडावरची चादर बाजूला केली. ताई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आईचं नाव नाही."

पोटात गोळा आला. आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट वाक्य नाही. मी धावत जाऊन फाइल आणली. मसुद्यावर धाकट्या भावाची सही होती, तारीख होती, प्रत्येक अक्षराखाली माझी पेन्सिलीची टिंबं होती. कोरण्याआधी मी प्रत्येक नाव दोनदा वाचते, एकदा सरळ आणि एकदा शेवटच्या अक्षराकडून उलटं. सरळ वाचताना डोळा सवयीनं पुढे पळतो, उलटं वाचताना पळता येत नाही. कागदाप्रमाणे दगडावर काहीच चुकलेलं नव्हतं.

"वेलांटी," ताई म्हणाल्या. "आई पहिली द्यायची. तुम्ही दुसरी दिलीय."

भाऊ पटकन म्हणाला, "ताई, दुसरीच बरोबर आहे. आई चुकीचं लिहायची." तो शाळेत मराठी शिकवतो. मसुदा पाहायला आला होता, तेव्हा त्यानं माझ्या एका ओळीतला अनुस्वारही दाखवून दिला होता. तो आईसाठी आठ ओळींची कविता घेऊन आला होता. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांच्या स्मृतिशिलांवर घरच्यांना जास्तीत जास्त ६६ अक्षरं मिळत, मोकळ्या जागा धरून, हे माझ्या बाबांनी त्याला सांगितलं. लांब मजकूर आणणाऱ्या सगळ्यांना बाबा हे सांगतात. त्यांचं म्हणणं असं की दगड उन्हापावसात उभ्या उभ्या वाचायचा असतो. भावानं घरी जाऊन विचार केला आणि नुसतं नाव आणि दोन सालं ठेवली. म्हणजे त्या अख्ख्या दगडावर शब्द असा एकच होता, आणि त्याच्याच वेलांटीवरून आता भावंडं भांडत होती.

ताईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक प्रगतिपुस्तक काढलं. तिसरीचं. पालकाच्या सहीच्या रकान्यात पहिल्या सहामाहीला निळ्या शाईचा अंगठा होता. दुसऱ्या सहामाहीला सही. अक्षरं मोठी, एकमेकांपासून सुटी, आणि वेलांटी पहिली.

"मी शिकवलं होतं तिला," ताई म्हणाल्या. "आठ वर्षांची होते. मलाच कुठे ऱ्हस्वदीर्घ येत होतं? पाचवीत गेल्यावर बाईंनी सांगितलं तेव्हा घरी येऊन आईला म्हटलं, अगं चुकलं, दुसरी दे. ती म्हणाली, आता हात बसलाय, तू शिकवलंस तसंच राहू दे. आणि शेवटपर्यंत तसंच लिहिलं तिनं."

भाऊ काही बोलला नाही.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी राग जास्त आला होता. सही त्यांची, कागद त्यांचा. आणि देवनागरीत ही चूक दुरुस्त होण्यातली नाही. काना राहिला तर वाढवता येतो, अनुस्वार राहिला तर देता येतो. पण पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते आणि दुसरी उजवीकडे. उजवीकडची खाच बुजवून डावीकडे नवी कोरायची म्हटलं तर भरलेली जागा कायम वेगळी दिसणार. ग्रॅनाइट काही लपवत नाही.

काकांनी दगड उलटवायचा मार्ग काढला. मागची बाजू पॉलिश करायची, तिकडे नवं नाव कोरायचं, जुनं मागे जाईल. ही पद्धत आमच्या कामात आहे, तीत लबाडी नाही. पण बाबा खुर्चीतून उठून आले आणि म्हणाले, "एका दगडाला दोन नावं नकोत. घासायचा."

इथे मला बाबांशी भांडावं लागलं, गिऱ्हाइकांसमोरच. कारण घासणं म्हणजे काय ते आमच्या घराला ठाऊक आहे. अक्षरं साडेतीन-चार मिलिमीटर खोल आहेत. तेवढाच भाग घासला तर तिथे खोलगट होतं आणि पॉलिशमध्ये समोरचं आभाळ वाकडं दिसतं. म्हणून सबंध तोंड पाच मिलिमीटर उतरवायचं. हिशेब केला तर सात किलोहून जास्त दगडाची भुकटी. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं आणि त्याची बारीक धूळ छातीत गेली की फुप्फुसाला वण पडतात, ते पुन्हा भरून येत नाहीत. आजोबा आयुष्यभर कोरडं काम करत राहिले, तोंडाला नुसता रुमाल बांधून. शेवटची दोन वर्षं त्यांना आडवं झोपता येत नव्हतं, उशांना टेकून बसून रात्र काढायचे. डॉक्टरांनी तेव्हा सिलिकोसिस हा शब्द उच्चारला. बाबांच्या एक्स-रेमध्ये तेच दिसायला लागलं, तेव्हापासून आमच्याकडे पाण्याशिवाय ग्राइंडर चालत नाही आणि बाबा शेडमध्ये येत नाहीत. तो नियम मी घातला आहे आणि मी तो मोडू देत नाही.

"मी आत जाणार नाही," बाबा म्हणाले. "काका घासेल, पाणी लावून, मास्क लावून. पण घासायचा. सही पोराची असेल, दगड आईचा आहे."

गाडीतून ओळंबा परत काढला. ताईंना त्या दिवशी दगड उभा राहिलेला बघायचा होता, ते होणार नव्हतं. त्यांनी तिकीट पुढे ढकललं.

काका त्याच दुपारी कामाला लागले. खरखरीत चकतीनं सुरुवात करून ५०, १००, २००, ४००, ८००, १५०० आणि शेवटी ३००० नंबरपर्यंत जायचं. मधला एक टप्पा गाळला तर आधीचे ओरखडे शेवटच्या चकाकीत वर येतात. तीन दिवस शेडमधून करडा चिखल वाहत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ एकटाच आला. हातात त्याचंही प्रगतिपुस्तक होतं, चौथीचं. रात्रभर शोधलं म्हणाला. त्यातली सही वर्षानुवर्षांच्या सरावाची, ताईंच्या पुस्तकातल्यापेक्षा ठाम, पण वेलांटी तीच. "माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर हीच होती," तो म्हणाला. "मी कधी नीट पाहिलंच नाही." त्यानं विचारलं, आईच्या अक्षरातच कोरता येईल का?

येतं, पण अवघड असतं. छापील वळणाला मापं असतात. हाताच्या अक्षराला स्वतःचीच चाल असते, आणि ती मोठी करताना प्रत्येक कंप मोठा होतो. मी सही दहापट मोठी करून ट्रेसिंग कागदावर उतरवली. संध्याकाळी बाबांना दाखवली. त्यांनी मूळ सही शेजारी धरली आणि बोट ठेवलं. "ही रेघ तिची नाही, तुझी आहे."

बघितलं तर खरंच. त्यांच्या आईची शिरोरेषा शेवटच्या अक्षराशी येताना खाली उतरत होती, लिहून हात दमल्यासारखी. मी ती सरळ केली होती. मला कळलंही नव्हतं. बारा वर्षं मी अक्षरं काढतेय, पट्टी हातात नसली तरी मनात असते. भावानं जे वेलांटीचं केलं, तेच मी रेघेचं केलं होतं, तेही आदल्या दिवशीचं सगळं ऐकून, पाहून. त्याच्यावरचा माझा उरलासुरला राग तिथे गेला. मी कागद टाकून दिला आणि नवा घेतला.

तिसऱ्या दिवशी दोघं मसुदा पाहायला आली. ताईंनी आधी पाहिला आणि मान हलवली. भावाला मी नेहमीप्रमाणे सांगितलं की अक्षर-अक्षर मोठ्यानं वाचा आणि कुठे ऱ्हस्व, कुठे दीर्घ, ते शेजारी स्वतःच्या हातानं लिहा. त्यानं वाचलं. वेलांटीपाशी थांबून समासात "पहिली" असं लिहिलं, खाली सही केली, आणि मग, वह्या तपासताना करतात तशी, त्या शब्दापुढे बरोबरची खूण केली.