शकुंतलेची शिट्टी

गाव मूर्तिजापूरजवळचं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेची शिट्टी रात्री ऐकू येते म्हणे. भुताची गाडी?"

विचारलंत म्हणून सांगतो, येते. मी ऐकली आहे. डिसेंबर होता, शेतातली वीज रात्रीची, म्हणून हरभऱ्याला ओलीत करायला गेलो होतो. धुऱ्यालगतच ते अडीच फुटी रूळ, मधे कमरेएवढ्या बाभळी. एकच्या सुमाराला अगदी कानाशी वाजली. टॉर्च हातातून पाण्यात पडला.

घरी येऊन अंगावर चादर ओढल्यावर डोकं चालू लागलं. मुंबई-हावडा मार्ग आमच्यापासून पाचेक किलोमीटरवर. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्या मानाने उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वाकतो. दिवसा न येणारा मालगाडीचा भोंगा तेव्हा उशाशी येतो. एवढंच.

गंमत अशी, की गावात सांगतात ती कूऽऽक कोळशाच्या इंजिनाची. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं ते इंजिन १५ एप्रिल १९९४ला निवृत्त झालं. पुढची सगळी वर्षं शकुंतला डिझेलवर धावली. पण डिझेलचं भूत कोणाला दिसत नाही! (एकाने तर डोळ्यांत ठिणगी गेल्याचंही सांगितलं.)

कॅनडात सेंट लुई नावाच्या गावी रूळ उखडलेल्या मार्गावर असाच एका भूतगाडीचा दिवा दिसतो. २००१मध्ये दोन शाळकरी मुलींनी तो लांबच्या रस्त्यावरच्या मोटारींचा उजेड असल्याचं दाखवून दिलं. तरी २०१४ला तिथल्या टपाल खात्याने त्या भूतगाडीचं तिकीट काढलं. तिकडे भुताच्या गाडीचं तिकीट निघतं, इकडे खऱ्या गाडीचं मिळेना. मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ ११३ किलोमीटर, दुसरीकडे अचलपूर ७६, कपाशीसाठी टाकलेली लाइन. फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते लावायचा, गाडी पुढे गेली की उघडून धावत येऊन चढायचा.

हवेचं ते सगळं मी शेजारच्या आजीला समजावून सांगितलं. तिची लेक अचलपूरला दिलेली. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भूत असो का काही असो बाप्पा, अचलपूरले नेत असन तं बसतो मी."