पाच आठवडे पिवळी येणारी प्लेट

कंट्रोलच्या, म्हणजे विष नसलेल्या, वेल्स (प्लेटमधले छोटे खळगे) पिवळ्या येण्यात माझे पाच आठवडे गेले. त्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहून ठेवतेय.

खव्यात किंवा दुधाच्या मिठाईत स्टॅफिलोकॉकस ऑरियस वाढला की तो एंटेरोटॉक्सिन सोडतो. जंतू उकळून मरतो, पण हे विष सहजी जात नाही. त्यातलं ‘बी’ विष पकडायला मी सँडविच एलायझा बसवत होते, म्हणजे विषाला दोन अँटिबॉडींच्या (ठरावीक पदार्थाला चिकटणाऱ्या प्रोटीन्सच्या) मधे पकडून रंगाने दाखवणारी चाचणी. तळाला सशाची अँटिबॉडी, तिच्यावर नमुना, आणि वर पुन्हा सशाचीच अँटिबॉडी, एचआरपी एन्झाइम जोडलेली. टीएमबी हे त्या एन्झाइमने रंगणारं रसायन घातलं की निळा रंग, आम्लाने थांबवलं की पिवळा, मग ४५० नॅनोमीटरला वाचन. शुद्ध विषाचा कर्व्ह पहिल्याच दिवशी सुरेख आला.

जंतूंच्या कल्चरवरचं पाणी (जंतू ज्यात वाढवले ते द्रावण) घातलं आणि गाडी अडली. विष बनवणारा स्ट्रेन (जंतूचा वाण) पिवळा, न बनवणाराही तितकाच पिवळा. सगळे म्हणाले, धुणं कमी पडतंय. तीनाचे पाच वॉश केले, पाचाचे आठ. ब्लॉकिंगला, म्हणजे वेलच्या रिकाम्या जागा झाकायला, दुधाची पावडर सोडून बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घेतलं. एचआरपीवाली अँटिबॉडी १:१००० वरून १:५००० इतकी पातळ केली, तर दोन्ही स्ट्रेन सारखेच फिके झाले. किट विकणाऱ्यांना फोन केला. उत्तर एकच, ब्लॉकिंग बदला. त्यांच्या माहितीपत्रकात या जंतूबद्दल एक ओळही नव्हती, आणि मला खरी चीड त्याचीच आहे.

शेवटी मॅडमनी विचारलं, “ई. कोलायचं पाणी घालून पाहिलंस का गं?” तो वेगळाच जंतू. घातलं. वेल कोरी! मग विषाशी काहीही संबंध नसलेली, एचआरपी जोडलेली साधी सशाची अँटिबॉडी स्टॅफच्या नमुन्यावर घातली. पिवळी!

दोष धुण्याचा नव्हताच. हा जंतू प्रोटीन ए बनवतो, थोडं बाहेरही सोडतो. या प्रोटीनला अँटिबॉडीची शेपटी, म्हणजे एफसी भाग, धरणाऱ्या पाच जागा असतात आणि सशाची अँटिबॉडी ते घट्ट पकडतं. एका जागेने तळाची धरली, दुसरीने वरची. मधे विष नसतानाही सँडविच तयार.

उपाय एका दिवसाचा निघाला. नमुन्यात १० टक्के साधं सशाचं सीरम (त्यात सशाच्या अँटिबॉडी असतातच) मिसळून तासभर ठेवलं. प्रोटीन एचे हात तिथेच भरले. विष न बनवणारा स्ट्रेन ब्लँकच्या (नमुना न घातलेल्या वेलच्या) रेषेवर आला, दुसरा पिवळाच राहिला. मी प्लेट हातात घेऊन अख्ख्या लॅबला दाखवून आले.

हे आधीच सांगायला हवं होतं: एचआरपीच्या बफरमध्ये सोडियम अझाइड घालू नका, एन्झाइम बंद पडतं. टीएमबी फ्रिजमधून आधी काढून ठेवा, पण उजेडात नको. आणि स्टॅफवर काम असेल तर पहिल्याच प्लेटमध्ये दोन वेल्स त्या असंबंधित सशाच्या अँटिबॉडीसाठी राखा.

तळासाठी आता कोंबडीची अँटिबॉडी मागवली आहे, तिला प्रोटीन ए धरत नाही. ती येईपर्यंत सशाचं सीरम चालू आहे.