केसपेपरवरचे ‘कु.’ आणि ‘सौ.’

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मला आणि माझ्या जोडीदाराला एकाच आठवड्यात एकच तक्रार सुरू झाली. अंगावरून पांढरे जात होते आणि त्याला माशासारखा वास येत होता. परभणीत आम्ही दोघी नऊ वर्षांपासून एकत्र राहतो. घरमालकांच्या लेखी आम्ही मावसबहिणी आहोत, आणि भाडे वेळेवर पोहोचत असल्यामुळे या नात्याची शहानिशा करावी असे त्यांना कधी वाटलेले नाही. एकाच दवाखान्यात आम्ही एकीमागून एक आत गेलो. तिचे पूर्वी लग्न झालेले आहे आणि कागदोपत्री अजूनही नवऱ्याचेच नाव लागते, म्हणून तिच्या केसपेपरवर ‘सौ.’ आले, माझ्या केसपेपरवर ‘कु.’. तिला टेबलावर घेऊन व्यवस्थित तपासले, गोळ्या लिहून दिल्या आणि नवऱ्यालाही घेऊन यायला सांगितले. मला पडद्याआड कोणी नेलेच नाही. “लगन झालेलं नाही ना माय, मग आतून कामून तपासायचं?” असे सिस्टर म्हणाल्या आणि मी कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन बाहेर आले. ज्या नवऱ्याला बोलावणे गेले, त्याचे तोंड तिने कित्येक वर्षांत पाहिलेले नव्हते. जिला खरोखर बोलवायला हवे होते, ती बाहेरच्या बाकावर बसली होती.

या त्रासाला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. योनीतील जंतूंचा समतोल बिघडल्याने तो होतो, औषधाने बरा होतो, आणि स्त्रियांशी संबंध असणाऱ्या स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. एकीला असला तर दुसरीलाही असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून दोघींपैकी एकीलाच तपासणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

“बायाबायांत कसला रोग लागणार?” हा समज केवळ दवाखान्यातला नाही, तो आमच्यातही आहे, आणि पस्तिशीपर्यंत माझाही होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारणीभूत ठरणारा एचपीव्ही हा विषाणू त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. त्याला पुरुषच लागतो असे नाही. या बाबतीत मराठवाड्याला तर अनभिज्ञ राहण्याची सबबच नाही. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सव्वा लाखाहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला, आणि ज्या गटात एचपीव्हीची चाचणी अवघी एकदा देऊ केली गेली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. साऱ्या जगाने दखल घेतलेले हे काम आपल्याच शिवारातले आहे. आज सरकारी केंद्रांत तिशीपुढील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची तपासणी ॲसिटिक आम्ल लावून केली जाते, पण आमच्या गल्लीतल्या आशाताई यादी करायला येतात तेव्हा पहिला प्रश्न “लग्नाला किती वर्षं झाली?” हाच असतो, आणि माझे नाव तिथेच गळते. आशाताईंवर माझा राग नाही. त्यांना ज्या पद्धतीने विचारायला शिकवले, तसे त्या विचारतात.

शरीराचे निदान लांबते, मनाचे चुकीचे होते. तेवीस वर्षांची असताना आईने मला ज्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी मला ‘सरळ’ करण्याची हमी दिली होती. समलैंगिकता हा आजार नाही, हे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले, आणि असे ‘उपचार’ करणे हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले. माझ्या जोडीदाराचे दुखणे वेगळे आहे. ती उभयलैंगिक आहे, म्हणजे तिला स्त्री आणि पुरुष दोघांविषयीही ओढ वाटू शकते. माहेरचे म्हणतात, नवरा होता म्हणजे हे सगळे थोतांड आहे, आणि आमच्या काही समलैंगिक मैत्रिणीही कुजबुजतात की ही कधीतरी परत जाईल. दोन्हीकडून अविश्वास सोसणाऱ्या बाईची झोप उडते, त्यात नवल नाही. शेवटी तिने टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन केला, तो रात्री दोन वाजता, स्वयंपाकघराचे दार लावून.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार कोणतीही सज्ञान व्यक्ती मानसिक आजारावरील उपचारांच्या वेळी आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी साध्या कागदावर सही करून नेमू शकते, आणि तो रक्ताच्या नात्यातलाच असावा असे बंधन नाही. आम्ही एकमेकींची नावे लिहून ते कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहेत.

त्या कॅल्शियमनंतर दोन महिन्यांनी मी छत्रपती संभाजीनगरच्या एका डॉक्टरांकडे गेले. एसटीत सबंध रस्ताभर एकच वाक्य मनात घोकत होते: “मॅडम, माझं लग्न झालेलं नाही, पण शरीरसंबंध आहेत, आणि ते बाईशी आहेत.” त्यांचे पेन क्षणभर थांबले. मग त्यांनी शेवटची पाळी कधी आली होती ते विचारले, तपासताना लहान आकाराचे उपकरण वापरीन असे सांगितले, आणि मावशींना पडदा ओढायला सांगितला.