धूर आडवा, धूर उभा

बडोद्याहून पादरा, जंबुसर आणि मग कावी-कंबोई. ही वाट मी दोनदा केली: एकदा संक्रांतीच्या आधी, एकदा मेच्या अखेरीस. मही जिथे खंभातच्या आखाताला मिळते, तिथे स्तंभेश्वर महादेव. भरतीला शिवलिंग पाण्याखाली जातं, ओहोटीला पुन्हा दिसतं. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून ती विचारूनच निघावं. जानेवारीत आम्ही विचारली नव्हती. दोन तास काठावर!

पण त्या दिवशीची खरी गंमत वाटेतच झाली. पहाटे पादऱ्यापुढे शेकोटीचा धूर थोडा वर चढून अडला होता आणि शेतांवर आडवा पसरला होता. काका दांडियाबाजारचे, मुरलेले पतंगबाज. म्हणाले, "धूर आडवा असेतो फिरकी काढू नये. वर वारा असतो, पण खाली उतरत नाही." पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. निरभ्र रात्री जमीन गारठते, तिला लागून असलेली हवाही गारठते, वरची मात्र उबदार राहते. गार हवा जड, ती वर उठतच नाही. नऊ-दहाला ऊन तापलं की सगळं ढवळलं जातं आणि वरचा वारा खाली येतो. लहानपणी उत्तरायणाला सहालाच गच्चीवर जाऊन मी उगाच हात दुखवून घ्यायचो.

मेमध्ये पादऱ्याला वीटभट्टीचा धूर वर जाऊन कुठल्या कुठे विरला होता. उन्हाळ्यातल्या दुपारी ही ढवळाढवळ दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत पोचते. कंबोईला मात्र चहावाल्याच्या चुलीचा धूर पुन्हा खालीच, जमिनीकडे सरपटणारा.

"काका, हे काय?"

"खारा वारा. पाणी जमिनीइतकं लवकर तापत नाही ना."

शाळेत खारे वारे, मतलई वारे नुसते घोकले होते. समुद्रावरची गार हवा तापलेल्या हवेखाली पाचरीसारखी घुसते. वर पुन्हा उबदार थर. जानेवारीत झाकण जमिनीनं घातलं होतं, आता समुद्रानं.

परतताना जंबुसर मागे पडलं आणि गारवा संपला. दुपारचे दोन वाजले होते. काकांनी खिडकीबाहेर हात धरून पाहिलं. "आपण त्याच्या पुढे निघालो. आठपर्यंत येईल बडोद्याला."

पैज सेव-उसळीची लागली. सव्वाआठला गच्चीतल्या दोरीवरचा टॉवेल हलला. पंधरा मिनिटांच्या उशिरावरून आमचं अजून भांडण चालू आहे.